जुन्या बॉक्स्टरने स्टुटगार्ट ते नीस: महामार्ग की घाट?

घाटमाथा

नमस्कार मंडळी,

मी स्टुटगार्टजवळ राहतो. मूळ गाव वाई. पसरणीच्या घाटात गाडी शिकलो, त्यामुळे वळणाच्या रस्त्याची ओढ जुनीच. आता एक वापरलेली पोर्शे बॉक्स्टर घेतली आहे. ९८७ मालिकेतली, २.७ लिटरचं सहा सिलिंडरचं इंजिन, गिअर हाताने बदलायचे, छप्पर कापडी. आधीच्या मालकाने फार जपलेली.

जुलैत बायको आणि मी आल्प्स ओलांडून इटलीत, तिथून फ्रान्सच्या भूमध्य किनाऱ्याला नीसपर्यंत आणि दुसऱ्या वाटेने परत, असा बेत करतोय. ऑफिसातले सहकारी सांगतात की स्टुटगार्ट ते नीस साडेआठशेच्या आसपास किलोमीटर आहे, पहाटे निघा, संध्याकाळी समुद्रावर जेवा, आणि मग तिथल्या तिथे फिरा. मला हे पटत नाही. जमिनीला लागून बसलेली, दोन सीटची, मधोमध इंजिन असलेली गाडी सरळ रस्त्यावर दहा तास चालवायची तर मग साधी स्टेशन वॅगन काय वाईट? माझा विचार असा की दिवसाला अडीचशे किलोमीटरच्या वर जायचं नाही आणि जिथे बोगदा आणि खिंड असे दोन्ही पर्याय असतील तिथे खिंडच घ्यायची.

ज्यांनी असा प्रवास केलाय त्यांनी मार्ग, गाडीची तयारी, सामान, कायदे, सगळ्यावर लिहा. माझं म्हणणं चुकीचं वाटत असेल तर तेही मोकळेपणाने सांगा.

तिसरा_गिअर

मी म्युनिकला असतो आणि मला तुमचं म्हणणं अर्धंच पटतं. या गाड्या ऑटोबान, म्हणजे जर्मनीचे महामार्ग, डोळ्यांपुढे ठेवून बनल्या आहेत. सुमारे १३ हजार किलोमीटरचं जाळं, त्यातल्या बऱ्याच मोठ्या भागावर कायमची वेगमर्यादा नाही, १३० हा फक्त सल्ला, तोही १९७८पासूनचा. रविवारी ट्रकना बंदी असते. उन्हाळ्यातल्या रविवारी पहाटे पाच वाजता म्युनिकहून उत्तरेला ए ९ महामार्ग पकडा. तीन मार्गिका, कोरडा रस्ता, समोर कोणी नाही. २०० ला बॉक्स्टर १२० पेक्षाही शांत वाटते, स्टिअरिंग हातात जड होत जातं आणि गाडी रस्त्याला चिकटते. हा अनुभव जगात दुसरीकडे कायदेशीरपणे सहसा मिळत नाही. तुम्ही त्याच देशात राहून तो टाळून घाटात पहिल्या-दुसऱ्या गिअरात रांगणार?

शिवाय इथली शिस्त. डावी मार्गिका फक्त ओलांडण्यापुरती, काम झालं की उजवीकडे. उजवीकडून ओलांडायला बंदी. लोक आरसा बघतात. आपल्याकडे एक्स्प्रेसवेवर गाडी चालवलेल्या माणसाला हे पाहूनच बरं वाटतं.

शर्वरी_क

तिसरा_गिअर, शिस्तीबद्दल शंभर टक्के सहमत. पण २०० ला गाडी सेकंदाला ५५ मीटर जाते. समोरच्याने आरसा बघितला तरी १०० मीटर मागे असलेली गाडी किती वेगाने येतेय हे त्याला कळतंच असं नाही. आणखी एक गोष्ट नव्याने आलेल्या आपल्या मंडळींना माहीत नसते: १३० च्या वर असताना अपघात झाला, चूक समोरच्याची असली, तरी भरपाईतला काही वाटा तुमच्यावर येऊ शकतो. जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने १९९२ मध्येच तसा निकाल दिलाय.

आता घाटमाथा, तुमच्यासाठी. मी झ्युरिकच्या बाजूला राहते. स्टुटगार्टहून इटलीत उतरायला बहुतेक जण ऑस्ट्रियातल्या फर्नपास खिंडीने जातात, आणि सुट्टीच्या दिवसांत तिथे गाड्यांची रांग असते. त्याऐवजी ए ८१ महामार्गाने झिंगनपर्यंत या, बोडनझे सरोवराच्या कडेने स्वित्झर्लंडमध्ये शिरा आणि दावोस गाठा. दावोसहून फ्लुएला खिंड, माथा २३८३ मीटर. रुंद, लांब वळणांचा रस्ता, नजर दूरवर पोहोचते, तिसऱ्या गिअरात गाडी मजेत राहते. पलीकडे झुश, त्सेरनेत्स, मग राष्ट्रीय उद्यानातून ओफेनपास, २१४९ मीटर. व्हाल म्युस्टाइरमध्ये सांता मारिया नावाचं गाव लागतं, तिथून उजवीकडे उंब्राइल. २५०० मीटरच्या वर जाते ही खिंड, आणि २०१५पासून पूर्ण डांबरी आहे. ती वर जाऊन मिळते थेट इटलीतल्या स्टेल्व्हिओ खिंडीच्या रस्त्याला, माथ्याच्या जरा खाली. एका दिवसात तीन खिंडी, आणि गर्दी त्यामानाने कमी.

घाटमाथा

शर्वरीताई, हे अगदी हवं तसं. नकाशा उघडून बसलो आहे. पण स्टेल्व्हिओला मागच्या बाजूने गेलं तर ती प्रसिद्ध ४८ वळणं राहून जातील ना?

शर्वरी_क

राहू द्या. माझं स्पष्ट मत आहे की पायथ्याच्या प्राटो गावाकडून स्टेल्व्हिओ चढणं ही गाडी चालवायची मजा नाही. हेअरपिन, म्हणजे उलट फिरणारी वळणं, इतकी आवळ की पहिला गिअर, आतल्या बाजूला सायकलवाला, समोरून कॅम्पर व्हॅन, वर मोटारसायकलींचा ताफा. दोन वळणांमधला सरळ तुकडा संपेपर्यंत दुसरा गिअर पडतो न पडतो. उंब्राइलने माथ्यावर जा, गाडी लावा, कठड्याशी उभं राहून ती सगळी वळणं खाली पसरलेली बघा, आणि बोर्मिओकडे उतरा.

बखर

इथे मात्र मी स्टेल्व्हिओच्या बाजूने उभा राहणार. २७५७ मीटर उंचीची खिंड, रस्ता बांधला १८२० ते १८२५ या काळात, इंजिनिअर कार्लो दोनेगानी. तेव्हा लोम्बार्डी ऑस्ट्रियन साम्राज्यात होती आणि व्हिएन्नाला तिथे पोहोचायची वाट हवी होती. मोटार जन्माला यायला अजून साठ वर्षं होती. हा सगळा हिशेब घोड्यांसाठी: घोडा ओढू शकेल इतकाच चढ, म्हणून एवढी वळणं. प्रत्येक वळणावर दगडात नंबर आहे, खाली ४८ पासून सुरू होऊन वर १ पर्यंत. दोनशे वर्षांपूर्वीच्या माणसाने आखलेल्या रेषेवरून आपली गाडी आजही जाते, हे अनुभवायला तो रस्ता चढावाच लागतो. मजा गाडीची नसेल, पण रस्त्याची आहे.

सकाळी सहाला प्राटो सोडा. आठच्या आत वर. तोवर कॅम्पर व्हॅनवाले न्याहारी करत असतात.

तिसरा_गिअर

सकाळी सहावर एकमत झालं म्हणायचं. माझा पाचचा ऑटोबानही घ्या त्याबरोबर.

अण्णा_सातारकर

मी निवृत्त एसटी चालक. मुलगा नेदरलँड्समध्ये असतो म्हणून हा धागा वाचतोय. स्पोर्ट्स कारमधलं मला कळत नाही, पण घाट सगळीकडे सारखाच. आयुष्य आंबेनळी, वरंधा, कुंभार्ली यांत गेलं. दोन गोष्टी सांगतो.

ज्या गिअरात चढलात त्याच गिअरात उतरा. ब्रेकवर पाय ठेवून उतरणारा माणूस पायथ्याला पोहोचेपर्यंत ब्रेक घालवून बसतो. आणि चढणाऱ्या गाडीला आधी वाट. उतरणाऱ्याने थांबायचं, लागलं तर मागे घ्यायची. तिकडे पण हाच नियम आहे का हो?

शर्वरी_क

हो अण्णा, इथेही चढणाऱ्याला प्राधान्य. एक अपवाद मात्र आहे. स्वित्झर्लंडच्या डोंगरी रस्त्यांवर पिवळ्या रंगाची पोस्टाची बस धावते. निळ्या पाटीवर पिवळा कर्णा दिसला की तो पोस्टाचा मार्ग समजायचा. तिथे ही बस चढत असो वा उतरत, ड्रायव्हर सांगेल तसं इतरांनी करायचं. आंधळ्या वळणाआधी ती तीन सुरांचा हॉर्न वाजवते, रोसिनीच्या ‘विल्यम टेल’च्या सुरुवातीच्या संगीतातून घेतलेले सूर. छप्पर उघडं असेल तर बस दिसायच्या आधी डोंगरातून ते सूर येतात. ऐकू आले की वळणाच्या अलीकडेच रुंद जागा बघून थांबा. बसला वळायला अख्खा रस्ता लागतो, तिचं नाक तुमच्या बाजूला येऊनच मग ती फिरते.

अण्णा_सातारकर

म्हणजे तिकडे एसटीला मान आहे. फार बरं वाटलं वाचून.

ऑईलफिल्टर

अण्णांनी ब्रेकचं सांगितलं त्याला जोडून. मी चाकणला याच क्षेत्रात काम करतो.

ब्रेक फ्लुइड हवेतली ओल शोषतं. पाणी मिसळलं की त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो. लांब उतारावर ब्रेक तापले की ते उकळतं, वाफेचे बुडबुडे होतात, आणि वाफ दाबली जाते. मग पेडल सरळ जमिनीला लागतं. शहरात हे कधी कळत नाही, २७०० मीटरवरून उतरताना कळतं. बदलून दोन वर्षं झाली असतील तर निघायच्या आधी बदला. ही सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात महत्त्वाची तयारी.

टायर: वापरलेली गाडी आहे म्हणून जास्त बोलतो. बाजूच्या भिंतीवर डॉट लिहिलेलं असतं, शेवटचे चार आकडे म्हणजे आठवडा आणि वर्ष. अशा गाड्या कमी चालतात, त्यामुळे खाच भरपूर दिसते पण रबर म्हातारं झालेलं असतं. सहा वर्षांच्या वर असेल तर आल्प्सच्या ओल्या हेअरपिनवर मी विश्वास ठेवणार नाही.

९८७चं खास: रेडिएटर पुढच्या बंपरमध्ये डावी-उजवीकडे आहेत, आणि बंपरच्या तोंडातून सुकी पानं, काटक्या, सिगारेटची थोटकं आत जाऊन त्यांच्यासमोर साचतात. टॉर्च घेऊन आत बघा. काही गाड्यांत मूठ-मूठ पाचोळा निघतो. जुलैत इटलीत ट्रॅफिकमध्ये अडकलात की इंजिनाचं तापमान याच्यावर ठरणार.

आणि उंचीवर गाडी मंद वाटली तर घाबरू नका. टर्बो नसलेलं इंजिन दर हजार मीटरला साधारण दहा टक्के ताकद गमावतं. स्टेल्व्हिओच्या माथ्यावर पाव ताकद गेलेली असते, हवाच विरळ.

घाटमाथा

ऑईलफिल्टर, आत्ताच टॉर्च घेऊन खाली जाऊन आलो. उजव्या बाजूला पानांचा थर आहे, त्यात एक आख्खं मेपलचं पान जाळीला पसरून बसलंय. बंपर काढून साफ करून घेतो. मनापासून आभार.

कांदेपोहे

तुम्ही सगळे रेडिएटरमध्ये, जेवणाचं कोण बघणार?

बॉक्स्टरला पुढे एक आणि मागे एक अशा दोन डिक्क्या असतात. इंजिन मधे असल्याने मागची डिक्की चांगलीच गरम होते. चॉकलेट, चीज, श्रीखंडाचा डबा मागे ठेवायचा नाही. पुढची डिक्की खोल आणि त्यामानाने थंड. ठेपले, दशम्या, लोणचं पुढे, कपडे मागे. कडक सूटकेस विसरा, मऊ कापडी पिशव्या घ्या, त्या कोपऱ्यात दाबून बसतात.

शाकाहारी असाल तर इटलीतल्या साउथ टायरॉलमध्ये श्लुट्झक्राप्फन मागा: पालक आणि ताज्या चीजचं सारण भरलेली अर्धचंद्राकृती पापडी, वरून वितळलेलं लोणी. स्वित्झर्लंडमध्ये रोश्टी, म्हणजे किसलेल्या बटाट्याचं थालीपीठ, पण त्यात बेकन नको हे आधी सांगा. ऑस्ट्रियाच्या वाटेने आलात तर काइझरश्मारन, म्हणजे तुकडे केलेला गोड पॅनकेक, दोघांत एक पुरतो.

विदिशा

या धाग्यावर शेजारच्या सीटवरच्या माणसाबद्दल कोणीच बोललेलं नाही, म्हणून लिहिते. माझ्या नवऱ्याची अशीच दोन सीटची गाडी आहे आणि आम्ही ऑस्ट्रियात ग्रॉसग्लॉकनर केला. ४८ किलोमीटरचा टोलचा रस्ता, ३६ हेअरपिन, १९३५ साली खुला झालेला, फक्त निसर्ग दाखवायला बांधलेला वाटावा असा.

चालवणाऱ्याच्या हातात स्टिअरिंग असतं, त्याचं शरीर वळणाच्या आधीच तयार होतं. शेजारच्याला ते वळण अचानक येतं. चढताना पोटात कालवतं, उतरताना डोकं दुखतं. मोबाइलवर नकाशा बघायला लावू नका, मान खाली गेली की मळमळ सुरू. नकाशा डॅशवर लावा. ब्रेक आणि वेग दोन्ही हळूहळू. कुशल चालक तोच ज्याच्या शेजारच्याची मान हलत नाही, असं मला वाटतं.

छप्पर उघडं असलं की गार वारा लागतो आणि ऊन जाणवत नाही, पण दोन हजार मीटरवर ते भाजून काढतं. सनस्क्रीन, हनुवटीखाली बांधता येणारी टोपी, आणि कानावरून ओढणी.

आणि घाटमाथा, वहिनी चालवतात का? चालवत असतील तर निम्म्या खिंडी त्यांच्या. दोघांचं नाव विम्यात आहे का तेही बघून घ्या.

घाटमाथा

विदिशाताई, बायको माझ्यापेक्षा चांगली चालवते. तिनेच सांगितलंय की फ्लुएला तिची. विम्यात दोघंही आहोत.

नवखा_प्रवासी

अवांतर विचारतो, माफ करा. मी नाशिकहून येणार, गाडी नाही. भारतीय परवान्यावर अशी गाडी भाड्याने मिळते का?

लंडनचा_बंड्या

मिळते. आपल्या आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढा, तो एक वर्ष चालतो, आणि मूळ परवाना सोबत ठेवा, दोन्ही लागतात. स्पोर्ट्स कारसाठी वयाची अट साध्या गाडीपेक्षा जास्त असते, क्रेडिट कार्डावर मोठी रक्कम अडकवून ठेवतात, आणि दिवसाला किती किलोमीटर याची मर्यादा असते. ती ओलांडली की प्रत्येक किलोमीटरचे पैसे. कुठल्या देशांत नेता येईल ते करारात वाचा, महागड्या गाड्या इटलीत न्यायला काही जण मनाई करतात. छोटी माझदा एमएक्स-५ मिळाली तर डोळे झाकून घ्या. हजार-अकराशे किलोची गाडी, घाटात तिच्यासारखी मजा तिप्पट ताकदीची गाडी देत नाही.

मी स्वतः इंग्लंडहून एमएक्स-५ घेऊन खाली जातो, म्हणजे उजव्या हाताचं स्टिअरिंग, उजवीकडून चालणारा रस्ता. फोकस्टनला गाडीसकट रेल्वेत चढायचं, ३५ मिनिटांत समुद्राखालून कॅलेजवळ. मग ए २६. एकटं असाल तर टोलनाका अवघड, कारण खिडकी चुकीच्या बाजूला. टोलचा टॅग काचेला लावून घेतला की नाका आपोआप उघडतो. आणि ट्रकच्या मागे चिकटू नका, उजवीकडे बसून समोरचं काही दिसत नाही; अंतर ठेवलं की वळणावर ट्रकच्या कडेने नजर जाते.

रेंस गावाबाहेर ग्यू इथे जुन्या ग्राँ प्रीचा सार्वजनिक रस्त्यावरचा मार्ग होता, शेवटची फ्रेंच ग्राँ प्री तिथे १९६६ साली झाली. प्रेक्षकांचे सज्जे आणि पिट्स अजून रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उभे आहेत, भिंतींवर जुन्या जाहिराती रंगवलेल्या. तिकीट नाही, फाटक नाही. शेतातून जाणाऱ्या साध्या जिल्हा रस्त्यावर गाडी थांबवायची, बस.

बखर

जुन्या शर्यतींचा विषय निघालाच आहे तर घाटमाथा, तुमच्या मार्गात ब्रेशिया बसतं का बघा. मिल्ले मिलिया तिथून सुटायची: ब्रेशिया ते रोम ते ब्रेशिया, सुमारे १६०० किलोमीटर, साध्या रस्त्यांवर, १९२७ ते १९५७. १९५५ साली स्टर्लिंग मॉस आणि पत्रकार डेनिस जेन्किन्सन यांनी मर्सिडीज ३०० एसएलआरमधून हे अंतर १० तास ७ मिनिटं ४८ सेकंदांत कापलं. जेन्किन्सनने आधी फिरून सगळ्या वळणांच्या नोंदी एका लांब कागदावर केल्या, तो कागद डब्यात गुंडाळला आणि शर्यतीत उलगडत हाताच्या खुणांनी मॉसला सांगत गेला, कारण इंजिनाच्या आवाजात बोलणं अशक्य. शेजारच्या सीटवरच्या माणसाचं महत्त्व विदिशाताईंनी सांगितलंच. १९५७च्या शर्यतीत प्रेक्षक आणि त्यांतली मुलं गेली, आणि शर्यत बंद झाली. आता त्या नावाने जुन्या गाड्यांची फेरी निघते.

आणि लांबच्या मोटारप्रवासाची सुरुवात तर तुमच्या घराजवळच आहे. ऑगस्ट १८८८, बेर्टा बेन्झ नवऱ्याला न सांगता दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्झहाइमला माहेरी निघाली, शंभर किलोमीटरच्या वर. इंधन संपलं ते वीसलोखच्या औषधाच्या दुकानातून घेतलं. नळी तुंबली ती टोपीच्या पिनेने साफ केली. ब्रेकचे ठोकळे झिजले तेव्हा चर्मकाराकडून चामडं लावून घेतलं. ब्रेकचं अस्तर तिथून आलं! त्या मार्गावर आज पाट्या लावल्या आहेत.

ऑईलफिल्टर

बखर, ब्रेकच्या अस्तराची ही गोष्ट मी माझ्या नव्या मुलांना पहिल्याच दिवशी सांगतो.

प्रज्ञा_इन्सब्रुक

हे सगळं वाचायला छान वाटतंय, पण मी या रस्त्यांच्या कडेला राहते. मे ते ऑक्टोबर शनिवार-रविवारी आम्ही खिडक्या उघडू शकत नाही. दरीत आवाज खाली जात नाही, दोन्ही डोंगरांवर आपटत राहतो. गावातून बाहेर पडताना लोक दुसऱ्या गिअरात सहा हजार फेऱ्यांपर्यंत खेचतात, ते वर चर्चपर्यंत ऐकू येतं. टायरॉलमध्ये फर्नपासच्या बाजूच्या काही रस्त्यांवर २०२०पासून ९५ डेसिबलवरच्या मोटारसायकलींना उन्हाळ्यात बंदी घालावी लागली, इतकं ते टोकाला गेलं.

कायदाही आता कडक आहे. मार्च २०२४पासून ऑस्ट्रियात वस्तीत मर्यादेपेक्षा ६० आणि बाहेर ७० च्या वर गेलात तर गाडी जप्त होते, लिलावही होऊ शकतो. स्वित्झर्लंडमध्ये बेफाम वेगाला कैदेपर्यंतची शिक्षा आहे, आणि रडार ओळखणारं यंत्र नुसतं गाडीत असणंही गुन्हा.

माझी विनंती एवढीच: घाट सोमवार ते शुक्रवार करा, आणि गावाच्या पाटीपासून पाटीपर्यंत वरच्या गिअरात शांत जा.

घाटमाथा

प्रज्ञाताई, तुमचं म्हणणं मान्य, आणि बेत तसाच बदलतो. शनिवार-रविवार एका जागी मुक्काम, पायी फिरायचं. गावात चौथा गिअर.

तिसरा_गिअर

प्रज्ञाताईंशी सहमत. वेगाची हौस असेल तर त्याला नियमाने मोकळी जागा आहे, गावातला रस्ता ती जागा नव्हे. माझ्या पाच वाजताच्या ए ९च्या मागे हाच विचार आहे.

लंडनचा_बंड्या

तारखेबद्दल कोणी बोललं नाही. जुलैत टूर द फ्रान्स ही सायकल शर्यत असते, त्या त्या दिवशी फ्रेंच आल्प्सच्या खिंडी बंद होतात आणि आधीच्या रात्रीपासून कडेला कॅम्पर व्हॅन लागलेल्या असतात. ऑगस्टच्या मध्यात अख्खी इटली सुट्टीवर. सप्टेंबर घ्या. खिंडी उघड्या असतात, हवा स्वच्छ, हॉटेलं मोकळी. एकच दिवस बघा: स्टेल्व्हिओ वर्षातून एकदा सायकलींसाठी इतर वाहनांना बंद ठेवतात, उन्हाळ्याच्या शेवटाला.

शर्वरी_क

सप्टेंबरला माझंही मत. फक्त सकाळी गाडीत बाहेरचं तापमान सात अंशांच्या खाली दिसलं तर पहिला अर्धा तास बेताने चालवा, उन्हाळी टायरचं रबर थंडीत कडक होतं. वर अवेळी बर्फही पडू शकतो, तसं झालं तर त्या दिवशी खालचा रस्ता. हट्ट नको.

कांदेपोहे

सप्टेंबरमध्ये गणपती!

घाटमाथा

आमच्याकडे दीड दिवसाचा असतो. विसर्जन करून दुसऱ्या दिवशी निघतो.

तर आता मार्ग असा ठरतोय. दावोस, फ्लुएला, ओफेनपास, सांता मारिया. तिथे मुक्काम. दुसऱ्या दिवशी ग्लुर्न्सला खाली उतरून प्राटोहून सहाला स्टेल्व्हिओ, बखरांच्या सांगण्यावरून. बोर्मिओ, लिव्हिन्यो (तिथे करमुक्त पेट्रोल, टाकी भरून घेणार), बेर्निना २३२८ मीटर, मालोया, कोमो. पुढे मोदेना की सरळ जेनोआ, यावर घरात चर्चा चालू आहे. मोदेनाजवळचं मारानेल्लोचं फेरारी संग्रहालय, सांत आगातातली लॅम्बोर्गिनी, हे बघायचं मन आहे, पण वाटेतलं पो नदीचं मैदान अगदी सपाट.

विदिशा

मोदेना कराच. एक दिवस गाडीला आणि पाठीला विश्रांती. पण जुन्या गावात गाडी घालू नका. इटलीत जवळपास प्रत्येक जुन्या गावाच्या आतल्या भागात बाहेरच्या वाहनांना बंदी असते, पाटीवर झेडटीएल असं लिहिलेलं असतं. कोणी अडवत नाही, कॅमेरा नंबर टिपतो आणि काही महिन्यांनी दंडाचं पत्र घरी येतं. जितक्या वेळा त्या कॅमेऱ्याखालून जाल तितके दंड. हॉटेल आत असेल तर आधी फोन करून गाडीचा नंबर नोंदवून घ्या.

पेट्रोल पंपावर ‘सर्व्हितो’ लिहिलेल्या बाजूला माणूस भरून देतो, भाव जास्त. स्वतः भरायची बाजू वेगळी असते. नळीवरचं चिन्ह बघा: गोलात ई म्हणजे पेट्रोल, चौकोनात बी म्हणजे डिझेल, सगळ्या युरोपात तेच.

शर्वरी_क

मी मोदेना सोडून देईन. तो दिवस परतीच्या खिंडींना द्या. नीसहून वर येताना बहुतेक जण ग्रासहून रूट नेपोलियन घेतात, १८१५ साली एल्बा बेटावरून निसटून नेपोलियन ज्या वाटेने ग्रनोबलला गेला ती. कास्तेलानपर्यंतचा तुकडा खरंच सुंदर आहे, रुंद आणि वाहता. पण तुम्हाला उंच खिंडींचीच आवड आहे, तर बोनेत खिंड घ्या. माथ्याभोवती फिरणारा वर्तुळाकार रस्ता २८०२ मीटरवर आहे, स्टेल्व्हिओहून उंच. पुढे व्हार्स, इझोआर, गालिबिए, इझरान. दिवस लागतील, पण रस्ते रिकामे असतील.

तिसरा_गिअर

घाटमाथा, एक विनंती. जाताना झिंगनपर्यंतच्या ए ८१वर मर्यादा नसलेला एखादा रिकामा तुकडा मिळाला तर गाडीला मोकळं सोडून बघा. इंजिन आधी नीट तापू द्या, तेलाचं तापमान वर आल्याशिवाय चार हजार फेऱ्यांच्या पुढे नको.

घाटमाथा

करतो, वचन. बायको म्हणते मोदेना राहू दे, बोनेत हवी. म्हणजे कोमोहून जेनोआ, तिथून नीस, आणि परत शर्वरीताईंच्या खिंडींनी. शेवटी आओस्ताहून ग्रेट सेंट बर्नार्ड, बोगद्याने न जाता वरून, २४६९ मीटर. मग ऱ्होन नदीच्या खोऱ्याने वर येऊन ग्रिमझेल आणि घर.

ब्रेक फ्लुइड आणि रेडिएटरची सफाई याच आठवड्यात गॅरेजला सांगितली. टायर २०१८चे निघाले, चारही बदलतोय.

शर्वरी_क

ऱ्होनच्या खोऱ्याने येतच आहात तर ग्रिमझेलच्या आधी नुफेनेन करून पलीकडे आइरोलोला उतरा. तिथून गोटहार्डच्या बोगद्याकडे न वळता ट्रेमोला धरा, जुना रस्ता, दगडी फरशीचा, २४ हेअरपिन. गाडी खडखडते, वेग आपोआप वीस-तीसवर येतो. मग आंदरमाटहून फुर्का, आणि फुर्का उतरलात की समोरच ग्रिमझेल. ओल्या दगडावर मात्र जाऊ नका, पाऊस असेल तर शेजारचा नवा खिंडरस्ता आहेच.

अण्णा_सातारकर

त्या दगडी रस्त्याचे फोटो नक्की टाका. आणि निघायच्या आधी स्टेपनी तपासा.

ऑईलफिल्टर

अण्णा, या गाडीत बहुधा स्टेपनी नसते, पंक्चर बुजवायचा फवारा आणि छोटा पंप असतो. घाटमाथा, त्या फवाऱ्याच्या डब्यावर मुदत छापलेली असते. वापरलेल्या गाडीत तो हमखास मुदत संपलेला निघतो. बघून सांगा.